केटलीच्या आधीचा लाल गोळा

त्या वर्षी आमच्या घरात फोडणी बंद होती. अव्वा, माझी आई, वरण शिजवायची, त्यात मीठ-हळद टाकायची आणि तसंच ताटात वाढायची. तेल तापलं, मोहरी टाकली की चुर्र आवाज होतो, लसणाचा वास गल्लीच्या टोकापर्यंत जातो, मग बाहेरच्याला कळतं की ह्या घरात अजून तेल आहे, म्हणजे आणखीही काही असेल. असं तिचं म्हणणं. खरं होतं का उगीच होतं, मला माहीत नाही. पण परभणीत आमच्या गल्लीत सगळ्याच बायांनी तसं धरलं होतं. पहाटे जात्याची नुसती घरघर ऐकू यायची, वर ओवी नाही. लिंगपूजेला अव्वा घंटी वाजवायची, तिच्या आतल्या गोळीला तिनं चिंधी गुंडाळून टाकली होती आणि तशीच मुकी घंटी रोज देवापुढं हलवायची. माझे वडील मी लहान असतानाच गेलेले. घरात आम्ही दोघंच. भाकरी, बिनफोडणीचं वरण, शेंगदाण्याची चटणी, आणि दाराला आतून अडसर. हैद्राबादच्या मुसलमान राजाच्या नावानं खाकी कपडे घातलेल्या टोळ्या घोड्यावरून गावोगाव फिरायच्या, लुटायच्या, जाळायच्या. रोज एका नव्या गावाचं नाव कानावर यायचं. नाव ऐकलं की अव्वा पहिल्यांदा विचारायची, "इथून किती लांब?"

हे मी आता लिहायलोय कारण काशी, माझी बायको, गेली. ती असती तर हा सगळा प्रकार तिनंच सांगितला असता. माझ्यापेक्षा चांगलं सांगायची आणि मधेमधे मला खोटं पाडायची. आता खोटं पाडायला कुणी उरलं नाही, म्हणून जपून लिहावं लागतंय. माझं शिक्षण फार नाही. शाळा उर्दूत होती, मास्तर मारायचा, मी पळून आलो. अक्षरं शिकलो ती भिंतीवर, हातभर उंचीची.

मिसरूड फुटायच्या आधीपासून मी उस्तादांबरोबर भिंती रंगवायचो. त्यांचं खरं नाव लिहीत नाही, सगळं शहर त्यांना उस्तादच म्हणायचं. मुसलमान, उंच, दाढीला मेंदी, आणि पानानं दात लाल. साबण, बिडी, दंतमंजन, चहा, कुठल्याही कंपनीची जाहिरात असो, भिंत उस्तादांची. सगळं हातानं. एका भिंतीला अख्खा दिवस जायचा आणि तो दिवस त्या गावाला जत्रेसारखा असायचा. लोक बैल सोडून बघायला बसायचे. "उस्ताद, बाईचं नाक लय मोठं झालं," कुणीतरी म्हणायचं. उस्ताद वळून न बघता म्हणायचे, "तेरी बायको का नाक देखके काढा रे." साबणाची बाई एका गावात गोरी-लठ्ठ, तर दुसऱ्या गावात सडपातळ. उस्तादांचा त्या दिवशीचा जीव जसा असेल तशी ती उतरायची. सूर्य काढला तर कुठं भाकरीएवढा, कुठं परातीएवढा. दोन भिंती सारख्या कधी झाल्या नाहीत आणि त्या सारख्या असाव्यात असं कुणाला वाटतही नव्हतं.

मग चहाच्या कंपनीनं पत्रे पाठवले. जस्ताचे, आतून आकार कापलेले. पत्रा भिंतीला धरायचा, वरून रंगाचा बोळा फिरवायचा, पत्रा काढला की चित्र तयार. दोन पत्रे होते. पहिल्यानं लाल गोळा उठायचा, उगवता सूर्य, खालून सपाट कापलेला. दुसऱ्यानं त्याच्यावर काळी केटली, तिची वाफ आणि खाली दोन भाषांत कंपनीचं नाव. उस्तादांनी पत्रे उलटेसुलटे करून बघितले आणि म्हणाले, "ये काम तो गधा भी करेगा." दोन दिवस ते माझ्याशी नीट बोलले नाहीत, जसं काही ते पत्रे मीच कापून आणले होते. आता माझा नातू मोबाईलवर बोट फिरवून हजार लोकांना एका दमात जाहिरात पाठवतो आणि वर म्हणतो की कंटाळा आला. त्याला कंटाळा यायलाय त्याची मुळी ह्या पत्र्यातच आहे, पण ते त्याला सांगून उपयोग नाही.

पत्र्यामुळं कामाची रीत बदलली. एका रंगावरून दुसऱ्या रंगावर जायचं तर बोळे आणि डबे घासलेटनं धुवावे लागायचे, आणि घासलेट तेव्हा दिव्यालासुद्धा मिळत नव्हतं. म्हणून उस्तादांनी ठरवलं की एका फेरीत सगळ्या गावांना नुसता लाल गोळा मारत जायचं. तो वाळला की पुढच्या फेरीला काळी केटली. त्यात कंपनीच्या माणसानं बजावलं होतं की भिंत रस्त्याच्या तोंडावरची, पक्की, चुन्याची पाहिजे. खेड्यात अशी भिंत कुणाची असते ते सांगायला नको. आम्ही गावात जायचो, चार चांगली घरं बघायचो, मालकाला राम राम घालून लाल गोळे मारायचो आणि घटकाभरात पुढच्या गावाला. कुणी जमायच्या आत काम उरकलेलं. पेडगावच्या पुढं एक गाव आहे, तिथं पण असंच केलं. गावाचं नाव लिहीत नाही. तिथं माझी सासुरवाडी आहे.

केटली मारायला त्या गावाकडं परत निघालो तो दिवस मला अजून अंगावर येतो. अव्वा नको म्हणत होती. पण काम अर्धं टाकलं तर कंपनी ते दुसऱ्याला देणार, हे उस्तादांच्या डोक्यात बसलेलं. डोक्यावर डबे, काखेत पत्रे, आम्ही पायीच. गाव जवळ आलं तरी रानात माणूस दिसेना. विहिरीवर बाया नाहीत. मोट सुटलेली, बैल नाहीत. एक कुत्रं भुंकायला उठलं आणि काय वाटलं कुणास ठाऊक, परत बसलं. वेशीतून आत बघितलं तर आमचे लाल गोळे शेणानं लिपलेले. पण तेलरंगावर शेण धरत नाही. वाळून त्याचे पापुद्रे पडले होते आणि खालून लाल डोकावत होतं. उस्ताद थांबले. "पीछे चल," असं हळूच म्हणाले. मागं वळलो तर मागं माणसं उभी होती. काठ्या, कुऱ्हाडी, एकाच्या हातात विळा.

पुढं होते ते शंकरअप्पा. गावातले मोठे दुकानदार, कपाळावर विभूतीचे पट्टे, आणि चुन्याची सगळ्यात चांगली भिंत त्यांची. मागच्या फेरीला त्यांनीच आम्हाला ताक पाजलं होतं.

"हेच ते," शंकरअप्पा म्हणाले. "कुणी धाडलं खुणा करायला?"

"खुणा नव्हं अप्पा, जाहिरात हाय," मी म्हटलं. "चहाच्या कंपनीची."

"चहाच्या कंपनीला माझंच घर घावलं? न्हाव्याचं न्हाई घावलं? गुरवाचं न्हाई घावलं? गावात चार घरं खायापियाची, नेमकं त्या चौघाच्या भितीला रगत?"

"सूर्य हाय त्यो."

"खालून मुंडकं कापल्यावानी सूर्य असतोय व्हय रे?"

मागून एकजण म्हणाला, "आन् समदे एकासारका एक. मी दोरी लावून बघितलंय. हातानं काढलं असतं तर उन्नीस-बीस झालं असतं. हे वरूनच ठरवून आलंय."

खरंच वरूनच ठरवून आलं होतं. आदल्या आठवड्यात पलीकडचं एक गाव लुटलं गेलं होतं, आणि लुटलेली घरं आधी खूण करून ठेवली होती अशी वदंता होती. गावानं बायका-पोरं उसात ठेवली होती. आणि खूण करणारा माणूस, मेंदीच्या दाढीचा, आपल्या पायानं चालत आला होता. माझ्याकडं कुणी फारसं बघत नव्हतं. माझ्या गळ्यात लिंग होतं. सगळे बघत होते उस्तादांकडं. त्यांचं पान तोंडातच राहिलं होतं, चघळत नव्हते, थुंकत नव्हते. कुणीतरी मल्लाप्पाला हाक मारली. मल्लाप्पा गावाच्या कडेचा, चार एकरांचा शेतकरी, एकच बैल. त्यानं त्या बैलाचा कासरा आणला आणि उस्तादांच्या कमरेला दोन वेढे देऊन टोक आपल्या हाताला गुंडाळलं. बैलाच्या वासाचा कासरा होता.

मी म्हटलं, "मला केटली मारू द्या. मग तुमीच बघा."

शंकरअप्पाच्या भिंतीवरचं शेण खरवडलं. मी पत्रा धरला, तर तो भिंतीवर वाजायला लागला. उस्ताद बांधलेल्या अवस्थेत म्हणाले, "सांस रोक. फिर मार." मी श्वास धरून बोळा फिरवला. पत्रा काढला. केटली, वाफ, नाव. मग एक म्हातारा पुढं येऊन अगदी जवळून बघत म्हणाला, "किटलीच हाय की."

मला वाटलं सुटलो. पण मागून आवाज आला, "किटली असू द्या न्हाईतर हत्ती. घोड्यावरून येणाऱ्याला काय ठावं? त्यो लाल बघून घुसंल." ते सगळ्यांना पटलं. खरडून काढा म्हटलं, तर खरडलेलं अजून उठून दिसतं. भिंत पाडा, तर पाडलेली भिंत दिसते. शंकरअप्पा आपल्या भिंतीकडं बघत उभे होते. मग एकदम म्हणाले, "तसं कशाला? समद्या घराला मारा. एक ना एक. माझ्या एकट्याचंच का जळावं?"

मोठा माणूस भ्याला की असाच बोलतो. पण त्या बोलण्यात सोय होती. सगळ्याच घरांना खूण असेल तर खूणच राहत नाही. लोकांनी मान डोलावली. कुणीतरी उस्तादांकडं बोट करून विचारलं, "आन् ह्याचं?"

"काम हूं द्या," शंकरअप्पा म्हणाले. "मग बघू ह्याचं काय करायचं ते."

तो दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. आम्ही गाव रंगवायला लागलो. मल्लाप्पा कासरा धरून मागं, उस्ताद पत्रा धरून, मी बोळा घेऊन. चुन्याची भिंत, मातीची भिंत, कुडाची भिंत. कुडावर रंग बसत नव्हता, तरी मारला. चावडीला मारला, महादेवाच्या ओट्याला मारला, वेशीबाहेरच्या झोपड्यांना मारला. ही फेरी काळ्याची, लाल रंग आमच्याकडं नव्हताच; घराघरातून गेरू आला, तो पाण्यात कालवून सगळं काम. भिंतीकडं तोंड असताना उस्ताद माझ्या कानात म्हणाले, "आहिस्ता मार. काम खतम हुआ तो हम भी खतम." आयुष्यभर ते मला हात उचल, हात उचल म्हणून ओरडत आलेले. मी एकेका गोळ्याला तीनतीनदा बोळा फिरवायला लागलो. पत्रा उगीच पुसायचो, परत धरायचो. मल्लाप्पाला ते कळत असावं. त्यानं कासरा जरा सैल सोडला. पण दुसरं कुणीतरी ओरडलंच, "भिताड हाय रे, नवरदेवाचं कपाळ न्हाई. चल फुडं." एक-दोघं हसले. त्या हसण्यानं मला जास्त भीती वाटली. हसणारी माणसं पुढं काय करतील, सांगता येत नाही.

दुपार कलली. शेवटचं घर राहिलं ते मल्लाप्पाचंच. आणि तिथं तो अडला. "माझ्या भितीला न्हाई," म्हणाला. "माझ्यात हाय काय लुटाया? उगं ज्याच्या घरी काय न्हाई त्याला कशाला खूण?" त्याच्या दारात एक पोरगी उभी होती, चौदा-पंधराची, हात शेणानं भरलेले. उसात न जाता बापासाठी मागं राहिलेली. ती काशी.

"लावू द्या आप्पा," ती म्हणाली. "समद्या गावात आपलंच एक कोरं राहिलं, तर तेच दिसंल."

मल्लाप्पानं मान खाली घातली. मी गोळा मारला. बोळा उचलून घेताना माझ्या मनात आलं, झालं, संपलं. शंकरअप्पा आणि बाकीचे गोळा होऊन उभे राहिले. कुऱ्हाडवाला पुढं सरकला. कुणी म्हणालं, ह्याला सोडला तर हा जाऊन सांगणार. कुणी म्हणालं, नदीपलीकडं नेऊ. उस्ताद माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे होते आणि त्या हाताचं वजन वाढत चाललं होतं.

काशी घरात जाऊन हात धुऊन आली. बापाला विचारल्यासारखं, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आप्पा, ह्यो गेरू हाय नव्हं? उद्या पावसाचं एक शिंतुडं आलं की आपल्या भितीचं ओघळून जाईल. शंकरअप्पाचं तेवढं राहतंय, ते पक्क्या रंगाचं हाय. ह्येंला जिवं मारलं तर दुसऱ्या बारीला रंग कोण द्यायचं? तुमी द्येनार का शंकरअप्पा?"

शंकरअप्पा आपल्या भिंतीच्या दिशेनं बघू लागले. पाऊस पडला तर पुन्हा गावात चारच खुणा राहणार, त्यातली एक त्यांची. हे त्यांना आत उतरायला वेळ लागला. मग म्हणाले, "सोड रे मल्लाप्पा." मी हे शेकडो वेळा आठवलंय. कुणाला दया आली म्हणून आम्ही वाचलो नाही. गेरू कच्चा असतो म्हणून वाचलो. काशीला मी कधी विचारलं की तुला तेव्हा आमची दया आली होती का, तर म्हणायची, "मला भिताड दिसत व्हतं. दया कुणाला परवडत व्हती?"

मल्लाप्पा गाठ सोडायला वाकला, तर उस्तादांनीच त्याचा हात धरला. "नक्को. रहने दो," म्हणाले. "अगल्या गावाच्या लोकांनी मेरेकू मोकळा बघितला तर वहीं काटेंगे. बांधा हुआ रहा तो समजेंगे, कुणाचा तरी हाय." आणि कासऱ्याचं टोक त्यांनी माझ्या हातात दिलं.

माझ्या हातात. ज्यानं मला अक्षर शिकवलं त्याला मी जनावरासारखा पुढं घालून रस्त्यानं नेला. पुढच्या गावाच्या शिवारात माणसं आडवी आली. "कुठं न्यायलास?" मी म्हटलं, "पाटलाकडं." एकानं उस्तादांना ढेकूळ मारलं, पाठीत लागलं. ते वळले नाहीत. मी कासरा हिसडला, खरं वाटावं म्हणून. बरीच वाट तशी गेली. पेडगाव मागं टाकलं आणि समोर धूळ दिसली. घोडे.

उस्तादांनी एका झटक्यात वेढे कमरेवरून खाली ओढले, पाय बाहेर काढले, कासरा माझ्या कमरेला टाकला आणि गाठ मारली. माझं लिंग सदऱ्याच्या आत लोटलं. तोंडानं काहीतरी पुटपुटत होते, दुवा असावी. खाकी कपड्यातले घोडेस्वार येऊन आमच्याभोवती उभे राहिले. घोड्यांचा घाम माझ्या तोंडावर उडत होता.

"कौन है ये?"

"चोर है, साब," उस्ताद म्हणाले. "मेरा रंग का डब्बा लेके भागा था. थाने ले जारऊं."

एकानं माझ्या लाल हातांकडं बघितलं. उस्तादांनी मला एक मुस्काटात मारली. ह्या माणसानं मला तोपर्यंत कधी बोट लावलं नव्हतं. माझ्या तोंडात रक्त आलं. घोडेस्वार हसले, दोन शब्द बोलले आणि काशीच्या गावाच्या बाजूला न वळता सरळ सडकेनं गेले. ते आधीच सरळ जाणार होते का, कुणास ठाऊक. पुढं बरीच वर्षं ते गाव सांगायचं की लाल गोळ्यानं गाव वाचवलं. मी नुसती मान डोलवायचो.

परभणीच्या वेशीपाशी उस्ताद माझी गाठ सोडायला बसले. सुटेना. भीतीच्या भरात मारलेली, आणि वर घामानं भिजून आवळलेली. दातानं ओढली तरी सुटेना. शेवटी तसाच घरी गेलो. अव्वानं दार उघडलं, माझ्याकडं बघितलं, उस्तादांकडं बघितलं, आणि विळीवर कासरा धरून कापला. दोघांना पाटावर बसवलं आणि भाकरी वाढली. उस्तादांनी तुकडा मोडला, तो हातातच राहिला. मग माझ्या सुजलेल्या गालाकडं बघून ते रडायला लागले, आणि अव्वा म्हणाली, "खा, खा. ल्योक हाय तुमचा."

नंतर फौज आली, राज्य गेलं, आणि भीतीनं घर बदललं. आमच्या गल्लीतली दारं उघडली, उस्तादांच्या गल्लीतली लागली. काही दिवस ते आमच्याकडंच मागच्या खोलीत राहिले. मग हैद्राबादला मुलीकडं गेले ते परत आले नाहीत. निघताना त्यांनी ब्रश दिले, डबे दिले, आणि म्हणाले, "वो रस्सी लौटा दे. गरीब का बैल है, एकच है."

मी बाजारातून नवा कासरा घेतला आणि त्या गावाला गेलो. वेशीपासून मल्लाप्पाच्या घरापर्यंत आमचे गोळे होते, बरेचसे ओघळलेले. काशी दारात मिरच्या निवडत होती. मी कासरा पुढं केला. तिनं तो लगेच घेतला नाही. टोक चिमटीत धरून बघितलं.

"आमचा जुना व्हता," म्हणाली. "ह्यो कोरा दिसतोय. ह्यानं कुणाला बांधलं तर न्हाई ना?"

"न्हाई," मी म्हटलं.

मग तिनं हात पुढं केला.